क्षेत्र, क्षेत्रज्ञ आणि सान मामेस

एखादे स्थळ पवित्र मानले जाते तेव्हा त्यातले नेमके काय पवित्र मानलेले असते, हा प्रश्न त्या स्थळावरची वास्तू धडधाकट उभी असेपर्यंत सहसा कोणाला पडत नाही. मात्र भिंती खचू लागल्या, गर्दी मावेनाशी झाली आणि जुने पाडून नवे उभारण्याचा ठराव झाला, की तो टाळता येत नाही. पावित्र्य दगडात असेल तर ते दगडाबरोबर पडले पाहिजे, जमिनीत असेल तर वास्तू शेजारी सरकवताच मागे राहिले पाहिजे, आणि नावात असेल तर त्याच नावाची पाटी कोठेही लावून चालले पाहिजे. मंदिरांच्या बाबतीत या प्रश्नाला जीर्णोद्धाराचे शास्त्र उत्तर देते. जीर्णोद्धार म्हणजे मोडकळीस आलेल्या देवालयाची विधिपूर्वक पुनर्बांधणी. आगमग्रंथांच्या परंपरेत कामाला हात लावण्यापूर्वी मूर्तीतील दैवी कला मंत्रांनी पाण्याच्या कुंभात उतरवून घेतात, ज्याला कलाकर्षण म्हणतात, आणि काम पुरे होईपर्यंत तिची पूजा बालालय नावाच्या तात्पुरत्या देवघरात चालते. व्यवस्था चोख आहे. पण ती इतकी चोख आहे की तिच्यामुळे मूळ प्रश्नाची धार बोथट होते. जेथे शास्त्र नाही, पुरोहित नाही, निर्णय देणारे पीठ नाही आणि तरीही माणसे एखाद्या जागेशी क्षेत्रासारखी वागतात, अशी जागा विचाराला घेतली तर तो प्रश्न उघडा पडतो. स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, बिल्बाओ शहरात, अ‍ॅथ्लेटिक क्लब या फुटबॉल संघाचे सान मामेस हे स्टेडियम अशी जागा आहे. ते १९१३ साली उघडले, २०१३ साली पाडले गेले, आणि त्याच वर्षी, त्याच नावाने, त्याच्या अंगाला अंग लावून पुन्हा उघडले.

येथे ‘क्षेत्र’ हा शब्द केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. मराठीत तो एकाच वेळी तीर्थाला, शेताला आणि मोजता येणाऱ्या भुईला लागू पडतो. तीर्थक्षेत्र आणि क्षेत्रफळ हे दोन शब्द बोलताना जीभ अडखळत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीरालाच क्षेत्र म्हटले आहे आणि त्या क्षेत्राला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. क्षेत्र बदलते, झिजते, नष्ट होते. क्षेत्रज्ञ ते बदलताना पाहतो. फुटबॉलच्या मैदानाविषयी विचार करताना ही जोडी उपयोगी पडते, कारण मैदान म्हणजे अखेर चुन्याच्या रेघांनी आखलेले शेतच, आणि त्याला जाणणारा कोण, हा येथला अवघड भाग आहे. फुटबॉल हा धर्म आहे, असे मात्र येथे म्हणायचे नाही. ते विधान इतक्या वेळा आणि इतक्या सहज केले गेले आहे की त्यातून आता धर्माविषयीही काही कळत नाही आणि फुटबॉलविषयीही नाही.

सान मामेस हे मुळात एका संताचे नाव. मामेस, किंवा मामास, हा तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती हुतात्मा मानला जातो. त्याचे गाव कप्पादोकियातले कैसारिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले कायसेरी. रोमन सत्तेने त्याला सिंहांपुढे टाकले, पण सिंह त्याच्या पायाशी निमूट बसले, अशी कथा आहे. बिल्बाओत या संताच्या नावाचे प्रार्थनास्थळ होते, त्यावरून त्या भागाला नाव पडले, भागावरून मैदानाला, आणि कथेतल्या सिंहांवरून संघाच्या खेळाडूंना ‘सिंह’ हे बिरुद मिळाले. हुतात्म्याला न खाणारे सिंह प्रतिस्पर्ध्यांना खाणारे कसे झाले, याचा हिशेब कोणी मांडत बसलेले नाही. शेजारीच अनाथ आणि निराधार वृद्धांसाठी उभारलेले ‘कासा दे मिझेरिकोर्दिया’, अर्थात दयागृह, आजही उभे आहे आणि जुन्या मैदानातल्या एका स्टँडला त्याच्यावरून मिझेरिकोर्दिया हेच नाव होते. लोक मात्र संपूर्ण स्टेडियमला ‘ला कातेद्राल’ म्हणतात. कॅथीड्रल म्हणजे जेथे बिशपचे आसन असते ते मुख्य चर्च. आणि गंमत अशी की बिल्बाओला स्वतंत्र बिशप १९४९ पर्यंत नव्हता, त्यामुळे जुन्या शहरातले सान्तियागोचे चर्च कॅथीड्रल झाले तेव्हा फुटबॉलचे मैदान छत्तीस वर्षांचे होऊन गेले होते.

बिल्बाओत हा खेळ लोखंडाच्या खनिजाबरोबर आला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. नेर्विओन नदीच्या काठी खाणी आणि जहाजबांधणी यांच्या निमित्ताने आलेले इंग्रज कामगार आणि इंग्लंडात शिकून परतलेले स्थानिक तरुण यांच्या संगतीतून १८९८ साली अ‍ॅथ्लेटिक क्लब उभा राहिला. क्लबच्या नावातला ‘अ‍ॅथ्लेटिक’ हा इंग्रजी शब्द त्या संगतीची खूण आहे. वास्तुविशारद मान्वेल मारिया स्मिथ यांच्या आराखड्यानुसार बांधलेले मैदान २१ ऑगस्ट १९१३ रोजी उघडले, आणि त्या दिवशी रासिंग दे इरून या संघाविरुद्ध तेथला पहिला गोल राफाएल मोरेनो आरान्सादी याने केला. त्याला सगळे पिचिची म्हणत. अंगाने किरकोळ, डोक्याला पांढरा रुमाल बांधून खेळणारा हा तरुण बिल्बाओचेच अपत्य असलेले तत्त्वज्ञ मिगेल दे उनामुनो यांच्या नात्यातला होता. उनामुनो यांचा जीवनाच्या शोकात्म जाणिवेवरचा ग्रंथ नेमका त्याच सुमारास प्रसिद्ध झाला. त्याचे सार असे, की माणसाला आत्म्याचे अमूर्त अमरत्व नको असते. हाडामांसाचा, नावगावाचा हा अमुकच माणूस टिकावा, अशी त्याची भूक असते, बुद्धी ती भूक भागवू शकत नाही आणि भूकही बुद्धीपुढे हार मानत नाही. पिचिची १९२१ साली खेळ सोडून पंच झाला आणि १ मार्च १९२२ रोजी, तिशी गाठण्याआधीच, विषमज्वरासारख्या तापाने गेला. अखेरच्या काळात त्याच मैदानावरच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर नाराजीच्या शिट्ट्या वाजवल्या होत्या. १९२६ साली त्याच प्रेक्षकांच्या शहराने त्याचा अर्धपुतळा मैदानात बसवला, आणि तेव्हापासून प्रघात पडला की सान मामेसवर प्रथमच खेळायला येणाऱ्या संघाच्या कर्णधाराने सामन्याआधी त्या पुतळ्यापाशी फुले ठेवायची.

पहिल्या शंभर वर्षांत हे मैदान जसेच्या तसे कधीच राहिले नाही. लाकडी बाके गेली, काँक्रीटचे स्टँड आले. १९५३ साली मुख्य स्टँडवर शंभर मीटरहून अधिक लांबीची पोलादी कमान चढवली, जिच्यामुळे छताला मधले खांब लागत नव्हते आणि कोणाच्याही नजरेआड खेळ जात नव्हता. १९८२ च्या विश्वचषकासाठी मोठी डागडुजी झाली. पुढे युरोपीय नियमांपायी उभ्याने सामना पाहण्याच्या जागा काढून सर्वत्र खुर्च्या बसवल्या गेल्या. हा शेवटचा बदल वरवर किरकोळ, पण भक्तीच्या शरीरमुद्रेला हात घालणारा होता, कारण खांद्याला खांदा लावून उभा असलेला समुदाय आणि क्रमांक घातलेल्या आसनांवर बसलेला समुदाय यांची गाण्याची पट्टीसुद्धा एक राहत नाही. तरीही या साऱ्या बदलांच्या काळात ‘हे तेच सान मामेस का?’ असे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

न्याय-वैशेषिकांनी मात्र तेव्हाच विचारले असते. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांपासून बनलेले पूर्ण, हे आपल्या भागांहून वेगळे असे एक द्रव्य आहे. आणि भागांपैकी एखादा जरी निघाला किंवा नवा जोडला गेला तरी जुने पूर्ण नाश पावते आणि नवे उत्पन्न होते. वस्त्रातून एक धागा ओढला की पहिले वस्त्र संपले आणि खंडपट, म्हणजे तो धागा वजा झालेले दुसरे वस्त्र, जन्माला आले. ही भूमिका ऐकायला टोकाची वाटते, पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे: डागडुजी आणि पुनर्बांधणी यांच्यात आपण जी रेघ ओढतो ती वस्तूत नाही, आपल्या सोयीत आहे, असे ती बजावते. या कसोटीवर १९५३ ची कमान चढली त्या दिवशीच पिचिचीचे सान मामेस संपले होते. रोमन कॅथलिक चर्चने याहून व्यवहारी मोजमाप ठेवले. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे चर्चचे पावित्र्य तेव्हाच लोपते, जेव्हा ते पूर्ण नष्ट होते, किंवा त्याच्या भिंतींचा मोठा भाग कोसळतो, किंवा बिशप ते ऐहिक वापराला देऊन टाकतो. १९८३ च्या संहितेतही मोठा भाग नष्ट होण्याचा निकष कायम आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक भिंत उभी असेल तर देवाचे घर उभे आहे. नैयायिकांचा धागा आणि चर्चची निम्मी भिंत यांच्यामध्ये बिल्बाओच्या लोकांना स्वतःचे उत्तर शोधावे लागले.

एकविसाव्या शतकात सुमारे चाळीस हजार आसनांचे जुने मैदान अपुरे पडू लागले, आणि क्लब, बास्क सरकार, बिस्काय प्रांताचे मंडळ, नगरपालिका व तेथील बचत बँक यांनी मिळून नव्या स्टेडियमसाठी संस्था काढली. तिचे नाव सान मामेस बार्रिया. बास्क भाषेत बार्रिया म्हणजे नवीन. नव्या वास्तूसाठी निवडलेली जागा जुनीच्या इतकी लगत होती की दोहोंचा काही भाग एकमेकांवर येत होता, आणि त्यामुळे एक पेच पडला: जुने पाडल्याशिवाय नवे पुरे होत नव्हते आणि संघाला खेळायला दुसरीकडे जायचे नव्हते. तोड अशी निघाली की जुन्या मैदानावर सामने चालू असतानाच शेजारी नव्याच्या तीन बाजू उभारायच्या, मग जुने पाडायचे आणि त्याच्या मोकळ्या जागेवर चौथी बाजू बांधून वर्तुळ मिटवायचे. जुन्या सान मामेसवरचा अखेरचा अधिकृत सामना २६ मे २०१३ रोजी लेवान्तेविरुद्ध झाला आणि यजमान ०-१ असे हरले. १६ सप्टेंबर २०१३ रोजी सेल्ता दे बिगोविरुद्ध नवे स्टेडियम उघडले आणि ते ३-२ असे जिंकले, तेव्हा त्याची एक बाजू मोकळीच होती. त्या मोसमात तेथे बसलेल्यांना गोलपोस्टामागे, जेथे चौथा स्टँड यायचा होता तेथे, जुन्याची रिकामी झालेली जागा दिसत होती. २०१४ मध्ये ती बाजूही बुजली आणि त्रेपन्न हजारांवर आसने झाली.

या व्यवस्थेत बालालय नाही. देवाला मध्यंतरी कोठे ठेवायचे, हा प्रश्न बांधकामाच्या क्रमानेच मिटवला गेला. जुन्याचा शेवट आणि नव्याचा आरंभ यांच्यात एका उन्हाळ्याएवढीच फट पडली. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवराशी याची तुलना सुचते. नवकलेवर म्हणजे काही वर्षांनी येणाऱ्या अधिक आषाढात कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवून जुन्या मूर्तींमधील ब्रह्मपदार्थ त्यांच्यात हलवण्याचा विधी. अलीकडे तो १९९६ आणि २०१५ साली झाला. ज्यांच्या हातून ते घडते त्यांचे डोळे बांधलेले आणि हात कापडात गुंडाळलेले असतात, जेणेकरून आपण काय हलवत आहोत ते त्यांनाही कळू नये. बिल्बाओतही पायाभरणीच्या वेळी काहीतरी हलवले गेले, पण ते सर्वांच्या डोळ्यांदेखत: जुन्या मैदानातला हिरवळीचा एक तुकडा आणि एक वीट नव्या जागेत नेण्यात आली. वीट समजण्यासारखी आहे. हिरवळीची निवड मात्र, जाणूनबुजून झाली असो वा नसो, तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार बोलकी आहे.

कारण बौद्ध तार्किकांनी नैयायिकांशी वाद घालताना नेमका असाच दाखला वापरला होता. नैयायिक म्हणत की ‘हा तोच देवदत्त’ अशी जी ओळख पटते, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, ती वस्तू टिकून असल्याचा पुरावा आहे. बौद्धांचे उत्तर असे की कापल्यावर पुन्हा वाढलेले केस आणि नखे पाहूनही ‘हे तेच’ असेच वाटते, रात्रभर जळणारी ज्योतही तीच वाटते; प्रत्यक्षात केस नवे असतात आणि ज्योत क्षणोक्षणी दुसरी असते, फक्त सादृश्यामुळे नजर फसते. मैदानातली हिरवळ म्हणजे हे उदाहरण जमिनीवर पसरलेले. ती आठवड्यातून अनेकदा कापतात, हिवाळ्यात फाटते, बी पेरून पुन्हा उगवतात, अधूनमधून सबंध उपटून नवी अंथरतात. पायाभरणीसाठी उपटलेल्या त्या हिरवळीत पिचिचीच्या बुटाखाली गेलेले एक पातेही असण्याची शक्यता नव्हती. पवित्र अवशेष म्हणून लोकांनी उचलले ते सगळ्यांत कमी टिकणारे द्रव्य; पोलाद आणि काँक्रीट बाजूला ठेवून त्यांनी नखे आणि केस निवडले. वस्तूच्या बाजूने पाहिले तर या वादात बौद्धांचीच सरशी होते, असे मान्य केले पाहिजे: सान मामेस नावाची, शंभर वर्षे टिकून राहिलेली एक वस्तू दाखवता येत नाही.

पण नैयायिकांचा दुसरा मुद्दा त्याने निकालात निघत नाही. जे मी डोळ्यांनी पाहिले तेच मी हाताने चाचपतो, असे म्हणता येण्यासाठी पाहणारा आणि चाचपणारा एक असावा लागतो. एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही. क्षेत्र एक नसले तरी क्षेत्रज्ञ एक असला पाहिजे. आणि येथेच सान मामेसचे खरे कोडे सुरू होते, कारण २०१३ साली जो जमाव जुन्या मैदानाला निरोप देत होता त्यातल्या कोणीही १९१३ चा पहिला गोल पाहिलेला नव्हता. त्यांची ओळख स्मृतीवर उभी नव्हती. ‘येथेच पिचिचीने पहिला गोल केला’ हे त्यांना कोणीतरी सांगितले होते, आणि त्या सांगणाऱ्यालाही आणखी कोणीतरी. न्यायशास्त्रात ज्ञानाचे हे एक स्वतंत्र साधन आहे. त्याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि त्याची व्याख्या आहे आप्ताचा उपदेश. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो असा विश्वासू माणूस. मराठीत हा शब्द पुढे नातेवाइकांसाठी रूढ झाला, हे येथे अगदी चपखल बसते, कारण फुटबॉल मैदानाविषयीचे आप्तवाक्य बहुधा आजोबा, काका किंवा थोरली बहीण यांच्याकडूनच येते. क्षेत्राचे ‘तेच’पण प्रत्यभिज्ञेवर टिकते असे मानले तर ते एका पिढीत संपते, ते शब्दप्रमाणावर टिकते असे मानले तरच शतक ओलांडता येते. त्या अर्थी आधुनिकीकरणाचा धोका भिंतींना कमी आणि सांगण्याच्या साखळीला अधिक असतो. सभासदांच्या जागांची नव्याने वाटणी होते, वर्षानुवर्षे शेजारी बसणारे दोघे वेगवेगळ्या स्टँडमध्ये जातात, तिकिटाचा भाव चढतो आणि नातवाला आणणे परवडेनासे होते. कॅमेऱ्यात न येणारी ही पडझड कमानीच्या पडझडीहून गंभीर आहे.

कमानीचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. ती मोडीत काढायला लोकांची तयारी नव्हती, म्हणून ती सुटी करून बिल्बाओपासून काही किलोमीटरवर, लेसामा येथील क्लबच्या सरावकेंद्रात पुन्हा जोडली गेली. छत पेलण्यासाठी जन्मलेली ती पांढरी पोलादी कमान तेथे काही वर्षे डोक्यावर कसलेही ओझे न घेता गवताच्या कडेला उभी होती आणि तिच्या समोर दहा-बारा वर्षांची मुले-मुली चेंडू अडवण्याचा सराव करत होती. पुराणवस्तूसंग्रहालयात ठेवली असती तर ती अवशेष झाली असती. मुलांसमोर उभी केल्यामुळे तिला पाहून एखादे मूल ‘हे काय आहे?’ असे विचारू शकते, आणि मग कोणाला तरी सांगावे लागते.

साखळी कोणाच्या रक्तातून चालायची की कोणाच्या संस्कारातून, हा प्रश्न अ‍ॅथ्लेटिक क्लबने स्वतःवर ओढवून घेतला आहे. शंभरहून अधिक वर्षे हा संघ फक्त बास्क खेळाडूंनाच घेतो, आणि या नियमाकडे बाहेरून पाहणाऱ्याला त्यात वंशाभिमानाचा वास आला तर त्याला दोष देता येत नाही. पण नियमाचा अर्थ हळूहळू रुंदावत गेला, आणि आज बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तेथे फुटबॉल शिकून तयार झालेला खेळाडू त्यात बसतो. घानातून वाळवंट तुडवत आलेल्या आईवडिलांच्या पोटी बिल्बाओत जन्मलेला इन्याकी विल्यम्स २०१६ ते २०२३ या काळात स्पॅनिश लीगचे सलग २५१ सामने खेळला. त्याचा भाऊ निको पाम्प्लोनात जन्मला. कुळ आणि गुरुकुल यांच्यात क्लबने अखेर गुरुकुलाकडे माप झुकवले आहे, असे यावरून म्हणता येते, आणि शब्दप्रमाणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे; आप्तवाक्य ऐकण्यासाठी कान लागतात, वंशावळ लागत नाही. वारकऱ्याच्या गळ्यात माळ पडताना त्याचे गोत्र विचारत नाहीत, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

नावाच्या बाबतीत इतिहासाने एक प्रयोगच करून ठेवला आहे. १९४१ साली फ्रँकोच्या राजवटीने परकीय शब्दांवर बंदी घातली तेव्हा क्लबला ‘अ‍ॅथ्लेटिक’ सोडून ‘अत्लेतिको’ हे स्पॅनिश रूप घ्यावे लागले आणि जुने नाव १९७२ सालीच परत मिळाले. त्या एकतीस वर्षांत जागा तीच, नाव परके. २०१३ नंतर नाव तेच, जागा सरकलेली. दोन्ही वेळा लोकांनी संघ सोडला नाही, तेव्हा नाव आणि जागा यांपैकी एकेकटे काहीच अपरिहार्य नसावे. पूर्वमीमांसकांना मात्र नावाची बाजू घ्यावीशी वाटली असती, कारण त्यांच्या मते यज्ञातल्या देवतेला शरीर नसते. आहुती देताना उच्चारला जाणारा शब्द एवढेच तिचे स्वरूप, आणि म्हणून तो शब्द बदलता येत नाही. नव्या स्टेडियमच्या नावातले ‘बार्रिया’ अल्पावधीतच अधिकृतपणे गळून पडले आणि उरले फक्त सान मामेस. कोणत्याही नव्या गोष्टीचे नवेपण इतक्या लवकर नावातून पुसले जाणे दुर्मीळ आहे. व्यापारी संस्थांना स्टेडियमचे नाव विकण्याची चाल आज युरोपभर रूढ असताना एका अनोळखी, कदाचित कधी नसलेल्याही संताचे नाव न विकता राखणे, ही मीमांसकांना पटण्याजोगी निष्ठा म्हटली पाहिजे.

याउलट उदाहरण लंडनचे आहे. आर्सेनल क्लबचे हायबरी मैदानही १९१३ सालचेच, आणि तेही धर्माच्या जमिनीवरचे: सेंट जॉन्स या धर्मशिक्षण महाविद्यालयाकडून ते भाड्याने घेतले तेव्हा गुड फ्रायडे आणि नाताळच्या दिवशी सामना होणार नाही, अशी अट करारात होती, १९२५ साली क्लबने जमीन विकत घेतल्यावर ती अट गेली. २००६ साली संघ जवळच्या नव्या, एका विमानकंपनीचे नाव लावलेल्या स्टेडियमात गेला. हायबरीचा पूर्वेकडचा देखणा दर्शनी भाग वारसा म्हणून राखला, स्टँडच्या जागी घरे झाली आणि मैदानाची बाग झाली. तेथे द्रव्य बरेचसे राहिले आणि व्यवहार निघून गेला. बिल्बाओत द्रव्य गेले आणि व्यवहार राहिला. लिव्हरपूलमधल्या गुडिसन पार्कची गोष्ट आणखी निराळी. एव्हर्टनच्या या मैदानाच्या कोपऱ्याला सेंट ल्यूकचे चर्च चिकटलेले आहे आणि मैदानाच्या कडेने शेकडो चाहत्यांची रक्षा पुरलेली आहे. जागाच उरली नाही म्हणून २००४ पासून क्लबला नकार द्यावा लागला. ज्या संस्कृतीत अस्थी वाहत्या पाण्यात सोडतात तिच्यातल्या माणसाला या प्रथेतली अडचण चटकन दिसते: ज्याला आपण कायमचे ठेवून आलो ती भूमीच एक दिवस विक्रीला निघू शकते. २०२५ साली एव्हर्टनचा पुरुषांचा संघ नदीकाठच्या नव्या स्टेडियमात गेला, पण गुडिसन पाडण्याऐवजी ते महिलांच्या संघाला देण्यात आले, आणि त्यामुळे पुरलेल्यांना निदान खेळाची सोबत राहिली.

एमिल दुर्खीम या समाजशास्त्रज्ञाचा आक्षेप येथे अपेक्षितच आहे. १९१२ साली धर्मजीवनाच्या मूलभूत रूपांवर लिहिताना त्यांनी मांडले की पवित्र वस्तू म्हणजे समाजाने स्वतःलाच दिलेले रूप होय. जमाव एकत्र येतो, त्याच्यात उधाण येते, आणि ते उधाण कोठून आले हे न कळल्याने तो ते एखाद्या खांबाला, प्राण्याला किंवा स्थळाला चिकटवतो. सान मामेसच्या क्षेत्रज्ञाचा शोध या विचारानुसार आरशापाशी संपतो. बऱ्याच अंशी हे खरे आहे, आणि सामना संपल्यावर ओसरणाऱ्या गर्दीकडे पाहिले तर खरेच वाटते. परंतु स्वतःचीच पूजा करणाऱ्या समाजाने पिचिचीला निवडण्याचे कारण नव्हते. ज्याच्यावर आपण शिट्ट्या वाजवल्या, जो आपल्या नाराजीच्या सावलीत खेळ सोडून गेला आणि वर्षभरात मेला, त्याचा पुतळा हा आरसा होऊ शकत नाही. त्यात देणेकऱ्याचा चेहरा दिसतो. भारतीय परंपरेत ज्याला ऋण म्हणतात, जन्माबरोबरच अंगावर येणारे आणि फिटता न फिटणारे देणे, त्याची छटा येथे अधिक आहे. मोसमाच्या आरंभी संघ बेगोन्याच्या मातेच्या मंदिरी फुले वाहायला जातो, तेथे मागणे असते. पिचिचीपुढे मागण्यासारखे काही नाही.

आणि ही फुले यजमान ठेवत नाहीत, हा या विधीतला सर्वांत विचक्षण भाग आहे. ती ठेवतो पाहुणा, तोही प्रथमच आलेला, ज्याच्या कोणत्याही आप्ताने त्याला पिचिचीविषयी काही सांगितलेले नाही. उनामुनो यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या एका कथेत मरणोत्तर जीवनावर विश्वास नसलेला धर्मगुरू आपले अश्रद्धपण लपवून गावाची श्रद्धा जन्मभर सांभाळतो, आणि त्याचे ते करणे खोटे म्हणावे की नाही, हे लेखक अखेरपर्यंत सांगत नाही. पाहुण्या कर्णधाराची स्थिती त्या गुरूहून सोपी आहे. त्याला काही लपवायचे नाही. त्याच्या हातात गुच्छ असतो, मागे त्याचा संघ अंग गरम करत असतो, वर पावसाचे तुषार असतात, ज्यांना बिल्बाओत सिरीमिरी म्हणतात आणि ज्यांच्यापासून पुढच्या रांगांना वाचवण्यासाठी २०१६ साली नव्या स्टेडियमचे छत आणखी पुढे काढावे लागले. पुतळा जुन्या मैदानातून आणलेला आहे. कर्णधार वाकतो, फुले ठेवतो, क्षणभर थांबतो. मग तो वळतो आणि ज्यांचा तो पुतळा आहे त्यांना हरवायला मैदानात उतरतो, आणि त्रेपन्न हजार जण त्याच्यावर शिट्ट्या वाजवू लागतात.